माकड उडी मारण्याआधी काय करतं?

वरचा प्रश्न वाचून हसू नका. चार महिन्यांपूर्वी मला कुणी असं विचारलं असतं तर मीही हसलोच असतो. कारण मी सोनारीचा. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात आमचं गाव. काळभैरवनाथाचं देऊळ आणि देवळाभोवतीची माकडं, या दोन गोष्टींसाठी ते ओळखलं जातं. दर्शनाला आलेल्या माणसाच्या हातातली पिशवी सुखरूप राहिली तर ती नाथाची कृपाच समजायची! आमच्याच जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याची बातमी २०२२ मध्ये सगळीकडे छापून आली होती. थोडक्यात, आमच्याकडे माकडं म्हणजे शेजारीच. मग मला माकडाबद्दल कोण काय शिकवणार? हा माझा गैरसमज होता. तो कसा दूर झाला आणि त्या नादात कॉम्प्युटर ॲनिमेशनबद्दल काय कळलं, ते या लेखात सांगतो.

चाळीस सेकंदांचं स्वप्न

हॉस्टेलमध्ये दर वर्षी कसली ना कसली साथ येते. यंदा आमच्या विंगमध्ये ॲनिमेची आली. एका रविवारी संध्याकाळी मेस बंद असताना आम्ही सहा जणांनी एका लॅपटॉपपुढे बसून जपानच्या स्टुडिओ जिब्लीचा 'इअरविग अँड द विच' हा सिनेमा बघितला. लहान मुलांसाठीची जादूची गोष्ट. अनाथाश्रमात वाढलेली दहा वर्षांची बिलंदर मुलगी. एक चेटकीण तिला घरी घेऊन जाते, पण मायेपोटी नाही. कामाला जास्तीचे दोन हात हवेत म्हणून. मुलीला मात्र जादू शिकायची असते. पुढे ती अशी काही करामत करते की चेटकिणीला खरोखरच जास्तीचे दोन हात फुटतात, तेही भलत्याच जागी!

डायना विन जोन्स या लेखिकेच्या पुस्तकावरून गोरो मियाझाकी यांनी हा सिनेमा दिग्दर्शित केला. ३० डिसेंबर २०२० रोजी तो जपानच्या एनएचके वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. हाताने काढलेल्या चित्रांसाठी जगभर नाव असलेल्या जिब्लीचा हा पहिलाच संपूर्ण थ्रीडी कॉम्प्युटर ॲनिमेशनचा सिनेमा.

माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की जिब्लीवाल्यांनीही पेन्सिल खाली ठेवली! त्याच रात्री मी जाहीर केलं, गॅदरिंगला आपण चाळीस सेकंदांची फिल्म करायची. सोनारीचं एक माकड देवळाच्या शिखरावर चढतं, चंद्राला खोबऱ्याची वाटी समजून उचलतं आणि खाली उडी मारतं. बस्स, एवढीच गोष्ट. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. यू-ट्यूबवर धडे आहेत. अडचण कसली?

माझा रूम पार्टनर चित्रं फार छान काढतो. तो म्हणाला, "आधी कागदावर उड्या काढून बघू. मी काही माकडं काढलीत, बघ जरा." मी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणालो, "पेन्सिलीचा जमाना गेला, पार्टनर. पहिली पोझ आणि शेवटची पोझ द्यायची, मधलं सगळं कॉम्प्युटर भरतो." तो काही बोलला नाही. वही कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून फिल्मचा विषय काढायचाच बंद झाला. मला वाटलं, बरं झालं, काम सोपं झालं.

"काका, ह्ये माकड पाण्यात हाय का?"

तीन आठवडे रात्री जागून मी माकड तयार केलं. अंगावर केस, शेपटी, डोळ्यांत चमक, सगळं काही. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर सहा वर्षांच्या पुतणीला मोठ्या ऐटीत दाखवलं. तिने दोनदा बघितलं आणि विचारलं, "काका, ह्ये माकड पाण्यात हाय का?"

घरचे सगळे हसले. मी चिडलो. पण रात्री पडल्या पडल्या विचार केला, पोरगी असं का म्हणाली असेल? सकाळी उठून वही-पेन घेतलं आणि गणित मांडलं. ते गणित म्हणजेच या लेखाचा गाभा आहे.

थोडं शास्त्र

सिनेमा म्हणजे एका सेकंदाला २४ स्थिर चित्रं. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून चित्रित केली होती. पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसलं. दोन चित्रांमध्ये किती वेळ सोडायचा हे आपल्या हातात असतं, हे ॲनिमेशनचं मूळ तत्त्व त्या वाटाण्यातच आहे.

कॉम्प्युटरला आपण फक्त महत्त्वाच्या पोझ देतो. त्यांना की-फ्रेम म्हणतात. मधली चित्रं तो आकडेमोड करून भरतो. याला इंटरपोलेशन म्हणायचं; सेकंड इयरच्या गणितात आपण ते परीक्षेपुरतं शिकतो आणि विसरतो! आता माझं माकड घ्या. सुमारे सव्वा मीटर उंचीच्या कट्ट्यावरून ते खाली येतं. गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने याला अर्धा सेकंद, म्हणजे १२ फ्रेम लागतात. खरं माकड तिसऱ्या फ्रेमला सुमारे ८ सेंटीमीटर, सहाव्या फ्रेमला ३१, नवव्याला ६९ आणि बाराव्या फ्रेमला १२२ सेंटीमीटर खाली आलेलं असतं. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे अकरावीपासून आपल्याला पाठ आहे.

कॉम्प्युटरने काय केलं? ब्लेंडरमध्ये आपण काही न बदलता दोन की-फ्रेम दिल्या तर तो त्यांच्यामध्ये इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र काढतो. सुरुवात हळू, मध्ये वेग, शेवट पुन्हा हळू. त्यामुळे माझं माकड त्याच चार फ्रेमना साधारण १९, ६१, १०३ आणि १२२ सेंटीमीटरवर होतं. शेवटच्या तीन फ्रेम बघा. खरं माकड त्यात ५३ सेंटीमीटर पडतं, माझं फक्त १९! जमिनीजवळ आल्यावर ते लिफ्टसारखं हळूच थांबत होतं. असं कुठे होतं? पाण्यात. पोरीने आकडे न मांडता अचूक निदान केलं होतं.

उपाय तसा सोपा आहे. ग्राफ एडिटरमध्ये जाऊन जमीन टेकतानाच्या की-फ्रेमवरचा वक्र आडवा न ठेवता तिरका ठेवायचा, म्हणजे वेग शेवटपर्यंत वाढत राहतो. मी केलं. माकड धप्पकन पडलं. पण आता ते पोतं वाटायला लागलं! भौतिकशास्त्र बरोबर, आणि जीव मात्र गायब.

जपानी लोक काय करतात?

मग मी जरा वाचायला बसलो. ओसामू तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका १ जानेवारी १९६३ पासून जपानच्या टीव्हीवर सुरू झाली. पैसा आणि वेळ दोन्ही कमी. मग एकेक चित्र तीन-तीन फ्रेम दाखवायचं, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ८ चित्रं. चित्रं कमी झाल्यावर कुठली पोझ किती वेळ धरायची, याला फार महत्त्व आलं. पोझ धरायची आणि मग झटक्यात हालचाल करायची, ही ॲनिमेची ओळख अशी काटकसरीतून पक्की झाली.

आणखी एक गंमत. ॲस्ट्रो बॉयच्या डोक्यावर केसांची दोन शिंगं आहेत. त्याला कुठूनही बघा, दोन्ही दिसतातच. भूमितीच्या हिशोबाने हे अशक्य आहे, पण कागदावर चित्रकार खुशाल लबाडी करतो आणि आपल्याला ती गोड वाटते. थ्रीडी मॉडेल मात्र इंजिनिअरिंग ड्रॉइंगसारखं प्रामाणिक. बाजूने बघितलं की एक शिंग दुसऱ्यामागे जाणारच. 'इअरविग'वर परदेशी समीक्षकांनी केसांवरून आणि चेहऱ्यांवरून जी टीका केली, प्लास्टिकच्या बाहुल्यांसारखे दिसतात म्हणून, तिचं एक कारण मला इथे दिसतं. गोरो मियाझाकी यांनीच आधी २०१४ मध्ये 'रोन्या' ही मुलांची मालिका कॉम्प्युटरवर केली होती. पण तिथे रंगछटा सपाट ठेवून चित्राचा भास टिकवला होता. 'इअरविग'मध्ये तो आधार सोडला. तरी माझ्या मते त्या मुलीच्या भुवया आणि ओठांचे कोपरे जिथे बोलतात, तिथे सिनेमा जिवंत होतो. कारण तिथे कुणीतरी माणसाने बसून चेहऱ्याचा अभ्यास केलाय.

आपला स्वतःचा संबंधही फार लांबचा नाही. 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' हा भारत-जपानने मिळून केलेला ॲनिमे सिनेमा १९९२ चा. यूगो साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर त्याचे एक दिग्दर्शक होते मुंबईत घडलेले राम मोहन. १९५६ मध्ये ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात दाखल झाले आणि डिस्नेहून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली शिकले. 'रामायण'साठी सुमारे ४५० कलाकारांनी जवळजवळ एक लाख चित्रं हाताने केली. २४ जानेवारी २०२५ रोजी तो आपल्याकडे थिएटरमध्ये पुन्हा लागला. माझ्या एका माकडाने माझी झोप उडवली होती. तिथे तर अख्खी वानरसेना, आणि मधलं भरायला कॉम्प्युटर नाही!

म्हणजे पेन्सिल चांगली आणि कॉम्प्युटर वाईट, असं म्हणायचंय का? अजिबात नाही. 'फ्लो' हा मांजराचा सिनेमा ब्लेंडरवरच झाला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्यात एकही संवाद नाही, सगळी गोष्ट प्राण्यांच्या हालचालीतून कळते. १९८७ मध्ये जॉन लॅसेटर यांनी एक शोधनिबंध लिहिला. हातचित्रांच्या ॲनिमेशनची जुनी तत्त्वं थ्रीडीलाही तशीच लागू पडतात, हा त्याचा विषय. त्यातलं एक तत्त्व म्हणजे पूर्वतयारी. कुठल्याही हालचालीच्या आधी शरीर उलट दिशेला जातं. बॉलर चेंडू टाकण्याआधी हात मागे नेतो, तसं. माझ्या माकडात नेमकं हेच नव्हतं.

वही उघडली

सुट्टी संपवून परत आलो. पार्टनर आंघोळीला गेलेला. कपाट उघडंच होतं. वही काढली. अकरा पानं भरून माकडं! प्रत्येक पानावर उडीच्या आधीची माकडं जास्त आणि हवेतली कमी. दबलेली, मान वळवलेली, मागचे पाय आवळून घेतलेली. हा गडी सोनारीला कधी आलेलाही नाही. आपल्या मेसच्या पत्र्यावर येणाऱ्या माकडांकडे बघून काढली होती. त्याच माकडांना मी दोन वर्षं फक्त "हाड हाड" करत होतो.

तो आल्यावर मी म्हणालो, "पार्टनर, चूक झाली. मी त्या दिवशी फार शहाणपणा केला." तो टॉवेल वाळत टाकत म्हणाला, "तुझं माकड लिफ्टने उतरतंय, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण तू विचारलंच नाहीस." खरं सांगतो, सबमिशन रिजेक्ट झाल्यावरही इतकं वाईट वाटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्याला घेऊन गावी गेलो. दोन दिवस देवळाच्या आवारात मोबाइलवर माकडांचे व्हिडिओ घेतले आणि एकेक फ्रेम मागे-पुढे करून मोजत बसलो. आम्ही मोजलेल्या बहुतेक उड्यांमध्ये माकड हवेत जितका वेळ असतं, त्याहून जास्त वेळ ते आधी दबून बसतं. आधी नजर जाते, मग मान, मग पाठ खाली येते, आणि सगळ्यांत शेवटी पाय सुटतात. उतरल्यावर शेपटी दोन-तीन फ्रेम उशिरा खाली येते. हे सगळं मी लहानपणापासून रोज बघत होतो, पण कधी पाहिलं नव्हतं.

गॅदरिंगला चाळीस सेकंदांची फिल्म काही झाली नाही. अकरा सेकंदांची झाली. चंद्राचं खोबरं राहून गेलं. फक्त माकड, शिखर आणि एक उडी. पोझ पार्टनरच्या, वक्र माझे, आणि नावांत त्याचं नाव पहिलं. बक्षीस मिळालं नाही. पण फोनवर पुतणीला दाखवली तेव्हा माकड शिखराच्या टोकावर नुसतं दबून बसलेलं असतानाच ती ओरडली, "आता उडी मारणार!" माकड अजून हललंही नव्हतं.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल. एक, आधी स्वतः उडी मारून बघा (वॉर्डन सर नसताना). दोन, मोबाइलवर शूट करून फ्रेम मोजा. तीन, कागदावर निदान पाच पोझ काढा, वेड्यावाकड्या चालतील. चार, मगच की-फ्रेम द्या, आणि कॉम्प्युटरने काढून दिलेला वक्र प्रत्येक ठिकाणी तपासा. आणि रूममध्ये कुणी वही पुढे केली तर ती त्याच दिवशी उघडा. आमचे तीन आठवडे वाया गेले, तुमचे जाऊ नयेत.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल