गावातील घर आणि संदेशाचे तीन मार्ग

रायपूर शहराच्या पूर्व भागात तेलीबांधा नावाचा एक जुना तलाव आहे. तलावाच्या आसपासची वस्तीही त्याच नावाने ओळखली जाते. येथून एकेकाळी धमतरीकडे जाणारी नॅरोगेज रेल्वे धावत असे. २०१७ साली त्या मार्गाचा शहरातील भाग बंद झाला आणि पुढे रुळांच्या जागी रस्ता झाला. तेलीबांध्यात राहणाऱ्या कुटुंबाला इंटरनेटची जोडणी घ्यावयाची असेल तर फारसा विचार करावा लागत नाही. खांबांवरून गेलेल्या तारांपैकी एक घरात आणली की काम झाले. परंतु त्या जुन्या रेल्वेमार्गाच्या दिशेने दक्षिणेस निघावे, अभनपूर, कुरूद व धमतरी मागे टाकून सिहाव्याच्या डोंगरांकडे किंवा केशकालचा घाट चढून नारायणपूरकडे जावे, म्हणजे हाच प्रश्न पायरीपायरीने अवघड होत गेलेला दिसतो. मैदानातील गाव, जंगलाच्या कडेचे गाव आणि डोंगरातील चार घरांचा पाडा या तिघांना एकच उत्तर लागू पडत नाही. जमिनीतून जाणारा काचेचा तंतू, मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी आणि आकाशातील उपग्रह यांपैकी कोणता मार्ग कोठे उपयोगी पडतो, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

या प्रदेशाला उपग्रह नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ रोजी भारतातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग सुरू झाला. 'साइट' या संक्षिप्त नावाने तो प्रसिद्ध आहे. त्यावेळच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर व दुर्ग हे जिल्हे त्यात होते. विक्रम साराभाई यांनी ही कल्पना मांडली होती आणि १९६९ साली अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेशी तसा करारही झाला होता. प्रयोग पाहावयास मात्र ते राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकेने एटीएस-६ हा आपला उपग्रह आफ्रिकेच्या पूर्व भागावर आणून एका वर्षासाठी भारताला वापरावयास दिला. अहमदाबादच्या केंद्रातून कार्यक्रम वर पाठविले जात आणि शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात उभ्या केलेल्या सुमारे तीन मीटर व्यासाच्या जाळीदार थाळीवर ते उतरत. ही जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशीच होती. सकाळी मुलांसाठी व संध्याकाळी मोठ्यांसाठी मिळून दिवसाला सुमारे चार तास कार्यक्रम होत. तालुक्याच्या गावीही ज्यांनी दूरचित्रवाणी पाहिली नव्हती, त्यांनी ती आपल्या खेड्यात पाहिली. मार्गातील डोंगर, नद्या आणि कच्चे रस्ते ओलांडावयास उपग्रहाला वेगळा वेळ लागला नाही. हा त्याचा पहिला गुण होय, आणि तो आजही तसाच आहे.

३१ जुलै १९७६ रोजी वर्ष पूर्ण झाले, करार संपला आणि उपग्रह परत पश्चिम गोलार्धाकडे नेण्यात आला. गावांतील संच जागच्या जागी होते, थाळ्याही होत्या, पण त्यांवर काही उतरेना. पुढे १९७७ साली, प्रयोगातील काही गावांना पुन्हा कार्यक्रम मिळावेत म्हणून, जी प्रक्षेपण केंद्रे उभारण्यात आली त्यांत रायपूर एक होते. म्हणजे या जिल्ह्यात आकाशातील मार्ग आधी आला आणि जमिनीवरचा मनोरा नंतर आला. सर्वसाधारण क्रमाच्या हे उलट आहे. त्या मनोऱ्याची झेप अर्थातच क्षितिजापुरती होती. महानदीच्या खोऱ्यातील सपाट मुलखात ती बऱ्यापैकी लांब जाते, डोंगरांपलीकडे जात नाही. जी गावे या टप्प्याबाहेर राहिली त्यांना आणखी थांबावे लागले.

आता मैदानातील गावापासून आरंभ करू. येथे भात पिकतो, वस्ती दाट आहे आणि गावे एकमेकांपासून दोन-चार किलोमीटरवर आहेत. अशा मुलखासाठी काचेच्या तंतूला तोड नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची जी योजना मंजूर केली, तिलाच पुढे 'भारतनेट' हे नाव मिळाले. दुसऱ्या टप्प्यात छत्तीसगड राज्याने हे काम स्वतःकडे घेतले आणि त्यात ५,९८७ ग्रामपंचायती धरल्या. येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे, कारण सरकारी आकड्यांत तो बहुधा झाकलेला असतो. पंचायतीपर्यंत पोहोचलेला तंतू हा घरापर्यंत पोहोचलेला तंतू नव्हे. कचेरीच्या भिंतीवर एक पेटी बसते आणि तिच्यापासून शेवटच्या आळीपर्यंतचे दीड किलोमीटर कोणी जोडावयाचे, हा प्रश्न तसाच उरतो. शिवाय पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून गावोगाव जाणारी वाट बहुतेक ठिकाणी एकेरी होती. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने ती एका जागी तोडली की पुढची सर्व गावे बंद पडत. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांचा जो सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात ही वाट वर्तुळाकार करण्याची तरतूद आहे. एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने संदेश जावा, हा त्यामागचा हेतू. दीड कोटी ग्रामीण घरांना तंतूची जोडणी देण्याचे उद्दिष्टही त्यात आहे.

मनोऱ्याचा मार्ग बहुतेकांच्या परिचयाचा आहे, कारण तो खिशातल्या मोबाइलमध्ये येतो. जुलै २०२२ मध्ये ज्या २४,६८० गावांत चौथ्या पिढीची मोबाइल सेवा पोहोचविण्यास सरकारने मंजुरी दिली, ती गावे मुख्यतः अशाच दूरच्या भागांतील होती. घराच्या छपरावर ग्राहकयंत्र बसवून मनोऱ्याकडून ब्रॉडबँड घेण्याची सोयही काही वर्षांपासून झाली आहे. मात्र मनोरा हा काही झरा नव्हे, ती टाकी आहे. तिच्यात पाणी दुसरीकडून आणावे लागते. तंतूने, मनोऱ्यावरून मनोऱ्यावर लहरींनी किंवा उपग्रहाने. मोबाइलवर पाच रेघा दिसत असूनही पान उघडत नाही असा अनुभव खेड्यात वारंवार येतो. पुष्कळदा त्याचे कारण मनोऱ्यामागची ही वाहिनी अरुंद असणे हे असते.

उपग्रहाच्या बाबतीत आधी अंतराचा विचार केला पाहिजे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो व पृथ्वीबरोबर फिरत असल्यामुळे एका जागी स्थिर भासतो. घरातून निघालेला प्रश्न वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद आणि त्याचे उत्तर परत येण्यास आणखी पाव सेकंद लागतो. पान वाचताना हा अर्धा सेकंद जाणवत नाही. संभाषणात मात्र दोघेही एकदम बोलू लागतात आणि एकदम थांबतात. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणारे खालच्या कक्षेतील उपग्रह हा दोष जवळजवळ नाहीसा करतात. त्यांचा विलंब व्यवहारात साधारणतः २० ते ५० सहस्रांश सेकंद भरतो. तथापि असा उपग्रह काही मिनिटांत क्षितिजापलीकडे जातो, म्हणून त्याच्या मागोमाग दुसरा, तिसरा असे हजारो लागतात आणि त्यांतील बहुतेक कोणत्याही क्षणी समुद्रावर असतात.

खरी अडचण वाटणीची आहे. भारताचा जीसॅट-एन२ हा उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडण्यात आला. त्याची एकूण क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट आहे. प्रत्येक घराला एकाच वेळी दहा मेगाबिटचा वेग द्यावयाचे ठरविले, तर हा संपूर्ण उपग्रह ४,८०० घरांना पुरेल. वीस घरांपैकी एकच घर एका क्षणी जोडणी वापरते असे धरले तरी ही संख्या ९६,००० च्या पुढे जात नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ग्रामीण कुटुंबे १६ कोटी ७८ लक्ष होती. उलट, घरोघर तंतू वाटण्याच्या रूढ पद्धतीत एका तंतूला अडीच गिगाबिट मिळतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत विभागतात. असे वीस तंतू म्हणजे आकाशातील त्या सबंध उपग्रहाइतकी क्षमता झाली, आणि वीस गावे तर अभनपूरच्या आसपासच सापडतील. उपग्रहाचा एक झोत जमिनीवर मोठे वर्तुळ व्यापतो व त्याखालील सर्वांना तो वाटून घ्यावा लागतो. जेथे माणसे थोडी तेथे वाटा मोठा. जेथे वस्ती दाट तेथे तो आक्रसतो. म्हणून मैदानातील गावाने तंतूची वाट न पाहता घरोघर थाळ्या लावाव्यात, असा सल्ला कोणी देत असेल तर तो चुकीचा आहे. त्याने खर्च तेवढा वाढेल.

पावसाचाही विचार करावा लागतो. १९७५ चा उपग्रह ८६० मेगाहर्ट्झच्या लहरी वापरीत असे. इतक्या लांब लहरींना पावसाचे थेंब अडवीत नाहीत. परंतु त्यांवर संदेशही थोडाच मावतो. आजच्या जास्त क्षमतेच्या उपग्रहांच्या लहरी बारा, वीस, तीस गिगाहर्ट्झच्या आहेत व मुसळधार पावसात त्या शोषल्या जातात. वाढलेल्या क्षमतेची ही किंमत आहे. श्रावणातल्या जोरदार सरीत थाळीची जोडणी काही मिनिटे क्षीण होणे किंवा तुटणे स्वाभाविक मानले पाहिजे. झाडांची गोष्ट थोडी निराळी आहे. जीसॅट-११ सारखा भूस्थिर उपग्रह रायपूरहून पाहिल्यास क्षितिजापासून सुमारे ६४ अंश उंच असतो, त्यामुळे सालाच्या जंगलातही एवढीच एक फट मोकळी असली तरी भागते. खालच्या कक्षेतील उपग्रह सर्व दिशांनी जात असल्यामुळे त्यांच्या थाळीला आकाशाचा मोठा भाग उघडा लागतो. घरापुढचा मोह तोडावयाचा की जोडणी सोडावयाची, असा पेच त्यातून पडू शकतो. मोहाच्या झाडावर घराची मिळकत अवलंबून असते, हे तेथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

नारायणपूरच्या पुढे अबुझमाडचा सुमारे ४,००० चौरस किलोमीटरचा डोंगराळ मुलूख लागतो. त्याच्या पश्चिमेस महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याचा भामरागड तालुका आहे. येथे घरे विरळ, वाटा पायांच्या, आणि पावसाळ्यात नाले भरले की कित्येक गावांचा संबंध तुटतो. तंतू न्यावयाचा तर थोड्या घरांसाठी अनेक किलोमीटर चर खणावा लागेल. अशा जागी उपग्रहाची तुलना तंतूशी करण्यात अर्थ नाही, कारण तंतू तेथे नाहीच. तुलना काहीही नसण्याशी आहे आणि तीत उपग्रह निर्विवाद श्रेष्ठ ठरतो. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक या अमेरिकी कंपनीबरोबर आशयपत्रावर सह्या केल्या. दूरच्या भागांतील शाळा, आरोग्यकेंद्रे व शासकीय संस्था जोडण्याचा त्यात विचार असून गडचिरोली, नंदुरबार, वाशिम व धाराशिव या जिल्ह्यांची नावे आहेत. त्यापूर्वी जून २०२५ मध्ये या कंपनीला केंद्राकडून सेवेचा परवाना मिळाला होता. उपग्रहसेवेसाठी लहरी पाच वर्षांच्या मुदतीने द्याव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये केली होती. १९७६ साली एक वर्षाची मुदत संपल्यावर थाळ्यांचे काय झाले, हे या भागातील जुन्या लोकांनी पाहिलेले आहे.

अशा पाड्यात प्रत्येक घराने स्वतंत्र थाळी घेणे परवडणारे नाही. एक थाळी शाळेवर किंवा लहान मनोऱ्यावर बसवून तिच्यातून आसपासची घरे बिनतारी जोडणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. थोड्याफार फरकाने ही १९७५ सालचीच रचना आहे. थाळीचे यंत्र पन्नास ते शंभर वॅट वीज खाते, तेव्हा सौरपटल व बॅटरी लागणारच. बॅटरी कोणाच्या ताब्यात राहील, पटलावरची धूळ कोण पुसेल आणि यंत्र बिघडल्यास ते नारायणपूरला कोण घेऊन जाईल, हे थाळी बसविण्यापूर्वीच ठरवून घ्यावे लागते.