देवळालीच्या बंगल्यातली ‘चांदी’

प्रश्न : देवळाली कॅम्पातला एक जुना बंगला मोकळा होतो आहे. तिथे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला म्हणून एक टी-सेट आणि मखमली पेटीतले काटे-चमचे-सुऱ्या विकायला आहेत. मालक म्हणतात, सगळी अस्सल चांदी आहे, मागे शिक्केसुद्धा आहेत. सराफ बाजारात वजन करून भाव ठरवावा का? एखादा नग अमेरिकेतल्या मुलीला पाठवायचाही विचार आहे.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : वजन सगळ्यात शेवटी. आधी एक भिंग घ्या आणि किटली पालथी घाला.

देवळालीत असे सामान निघाले तर नवल नाही. एकोणिसाव्या शतकात विलायतेला परतणारे गोरे सैनिक इथल्या छावणीत बोटीची वाट बघत मुक्काम करायचे. पुढे पारशी कुटुंबांनी हवापालटासाठी इथे बंगले बांधले. दोघांच्याही टेबलावर विलायती भांडी असायची, पण त्यातली बरीचशी मुलाम्याची. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने 1840 मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले आणि बेताच्या पगाराच्या अधिकाऱ्यालाही चांदीसारखे टेबल मांडता येऊ लागले. मुलाम्याखाली असते ते जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल. त्यात चांदीचा कणही नाही.

अशा भांड्यावर ‘ई.पी.एन.एस.’ ही चार अक्षरे असतात. कारखानदारही बेरकी. प्रत्येक अक्षर वेगळ्या चिमुकल्या ढालीत, तेही वळणदार गॉथिक लिपीत ठोकायचे आणि शेजारी दर्जा सांगणारे ‘ए-1’. घाईने पाहणाऱ्याला तो हॉलमार्कच वाटावा. तुमच्या मालकांनी पाहिलेले शिक्के हेच असतील, असा माझा दाट संशय आहे.

अस्सल इंग्लिश चांदीवर चालणारा सिंह असतो, एक पंजा उचललेला. तो दिसला की चांदी 92.5 टक्के. त्याच्या शेजारी तपासणी कुठल्या शहरात झाली त्याची खूण : लंडनचे बिबट्याचे तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर, शेफील्डचा मुकुट. शिवाय वर्ष सांगणारे एक अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे. तुमच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा शिक्का मात्र राणीच्या डोक्याचा. सरकारी कर भरल्याची ती पावती होती. 1890 मध्ये कर उठला आणि शिक्काही बंद झाला. म्हणून सिंहाशेजारी राणीचे डोके असेल तर नग 1890 किंवा त्याआधीचा, यात शंका उरत नाही. ते नसले म्हणून हिरमुसू नका, राणी 1901 पर्यंत गादीवर होती.

उलट ‘इंग्लंड’ हा शब्द दिसला तर बहुधा नग 1891 नंतरचा. आयात मालावर देशाचे नाव हवे, हा अमेरिकेचा कायदा तेव्हा लागू झाला. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर विसावे शतक समजा; तिथे राणीच्या नावाने जास्तीचे पैसे देऊ नका.

एक अपवाद मुद्दाम सांगतो. सिंह नाही म्हणून नग लगेच बाजूला टाकू नका. कलकत्त्याच्या हॅमिल्टन आणि मद्रासच्या ऑर कंपनीची चांदी इथेच विकली जाई, आणि भूजच्या उमरसी मावजींच्या कोरीव कामापुढे तर पुष्कळ विलायती माल फिका पडतो. पानाफुलांच्या दाट नक्षीत ‘ओ.एम.’ आणि ‘भूज’ अशी अक्षरे सापडली, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय सौदा करू नका. त्याची किंमत वजनावर ठरत नाही.

आता सराफ बाजार. शुद्धता मोजणारे यंत्र वरचा पातळ थर वाचते, त्यामुळे जाड मुलामा त्याला फसवू शकतो. त्याआधी आपणच चमच्याच्या पाठीवर, जिथे तो टेबलाला टेकतो तिथे, नीट बघावे. पिवळसर-करडा धातू डोकावला तर विषय संपला. सुऱ्यांचे तर वजनच करू नका. पाते पोलादाचे असते आणि पोकळ मुठीत राळ भरलेली असते. मेणबत्तीच्या स्टँडच्या बुडातही असाच भराव असतो.

भावासाठी आपल्याकडे सोयीचे माप आहे ते राणीछाप रुपयाचे. तो 11.66 ग्रॅमचा, त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी. सराफाला तो पाठच असतो. सिंहछाप नग शुद्धतेत त्याच्या किंचित वर. तेव्हा मोडीचा भाव हा तळ धरा आणि त्यावर घडणावळ, काळ, कारागीर यांचे काय द्यायचे ते तुमच्या हौसेवर सोडा. मुलाम्याच्या सेटला मोडीत जवळजवळ काहीच येत नाही. घाट आवडला तर जरूर घ्या, पण पितळेच्या भांड्याला द्याल तेवढेच द्या. मी असतो तर टी-सेटपेक्षा पेटीतली साखरेची चिमटी आणि मिठाचे छोटे चमचे आधी तपासले असते. लहान वस्तू पुष्कळदा अस्सल निघतात. मिठाच्या चमच्याचे तोंड आतून सोनेरी दिसले तर दचकू नका; मीठ चांदीला खाते, म्हणून तिथे सोन्याचा मुलामा देत. घेतल्यावर मात्र भांडी बफ मारायला देऊ नका. शिक्के घासून गेले की पुराव्याबरोबर भावही जातो.

राहिली कायद्याची बाजू. सुऱ्यांच्या मुठी हस्तिदंताच्या असतील तर त्या घेऊच नका, हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर आपल्याकडे बंदी आहे. आणि 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मुलीला पाठवायचा नग त्याहून नवा वाटत असेल, तरी आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या, मगच कुरिअरवाल्याला बोलवा.