तांब्यावरची छपाई : सर्किट बोर्ड करताना पद्धत कशी निवडावी?

छपाई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कागद येतो. आंबेडकरी माणसाच्या डोळ्यांपुढे तर ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेला 'मूकनायक', १९२७ चा 'बहिष्कृत भारत', १९३० चा 'जनता' आणि १९५६ मध्ये 'जनता'नेच धारण केलेले 'प्रबुद्ध भारत' हे नाव, अशी सारी परंपरा उभी राहते. छापण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती असेल तर आपला शब्दही त्याच्या मर्जीवर राहतो, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. 'भारतभूषण' आणि पुढच्या काळातील 'बुद्धभूषण' हे छापखाने त्या जाणिवेतून उभे राहिले. इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्ही हा धडा वर्षानुवर्षे शिकवीत आलो.

परंतु छपाईची आणखी एक शाखा आहे आणि तिच्याकडे आमचे लक्ष उशिरा गेले. रेडिओ, मोबाइल, वीजमीटर, संगणक यांच्या पोटात जी हिरवी पाटी असते, तीही छापलेलीच असते. म्हणूनच तिला प्रिंटेड सर्किट बोर्ड म्हणतात. शाळेत अथवा घरी असा बोर्ड करावयाचा झाल्यास छपाईची कोणती पद्धत निवडावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शोधामागचा माणूस

छापील सर्किटचा पाया घालणाऱ्यांत पॉल आयस्लर यांचे नाव अग्रभागी आहे. १९०७ साली व्हिएन्ना येथे त्यांचा जन्म झाला आणि १९३० साली तेथेच त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली. ते ज्यू होते. पदवी हाती असूनही जन्मामुळे नोकरीची दारे बंद होती, म्हणून ते मुद्रण व नियतकालिकांच्या व्यवसायाकडे वळले. छपाईची अंगे त्यांनी तेथे जवळून पाहिली. १९३६ साली ते इंग्लंडला गेले आणि तारांच्या गुंत्याऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यावर वीजमार्ग छापण्याची कल्पना त्यांनी रेडिओवर करून दाखविली. एका कारखान्याने ती नाकारली; तारा जोडण्याचे काम मुली स्वस्तात करतात, मग यंत्र कशाला, असा तो विचार होता. युद्धकाळात परकीय म्हणून आयस्लर यांना नजरकैदही सोसावी लागली. पुढे संगीताची स्वरलिपी छापणाऱ्या एका मुद्रणसंस्थेने त्यांना आधार दिला आणि १९४३ साली त्यांनी आपल्या शोधाच्या पेटंटसाठी अर्ज केले. जन्मावरून माणसाला बाहेर ठेवणारा समाज स्वतःचेच किती नुकसान करून घेतो, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

मूळ तत्त्व

अठराव्या शतकाच्या अखेरीस झेनेफेल्डर यांनी शिळाछाप शोधला. दगडावरील तेलकट रेषा पाणी झिडकारते व शाई धरते, एवढेच त्याचे मर्म. याच पद्धतीने १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत मराठी पंचांग छापले. सर्किट बोर्डाचेही मर्म जवळपास हेच आहे. साधारण १.६ मिलिमीटर जाडीच्या पाटीवर सुमारे ३५ मायक्रॉनचा तांब्याचा थर असतो. जेथे वीजमार्ग हवा तेथे संरक्षक लेप छापावयाचा आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवावयाची. उघडे तांबे विरघळते, लेपाखालचे राहते. म्हणजे प्रश्न एकच उरतो : लेप कसा छापावा?

चार वाटा

पहिली वाट हाताची. पक्क्या शाईच्या मार्कर पेनाने तांब्यावर थेट रेषा काढाव्यात. खर्च नाममात्र, मात्र रेषा जाड येतात आणि दोन पाट्या हुबेहूब सारख्या होत नाहीत.

दुसरी वाट टोनरची. लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स यंत्रातील टोनर ही प्लॅस्टिकयुक्त भुकटी असते. उष्णतेने ती वितळते आणि तांब्याला चिकटते. गुळगुळीत कागदावर आकृती काढून घ्यावी, ती घासून स्वच्छ केलेल्या तांब्यावर पालथी ठेवावी, वाफ न सोडता कडक इस्त्री तीन ते पाच मिनिटे दाबून फिरवावी, नंतर पाटी पाण्यात भिजवून कागद हलकेच चोळून काढावा. इंकजेटची शाई येथे उपयोगाची नाही, कारण ती वितळून चिकटत नाही. अर्धा मिलिमीटर रुंदीची रेषा या पद्धतीने थोड्या सरावाने साधते.

तिसरी वाट स्क्रीन प्रिंटिंगची. लग्नपत्रिका आणि जयंतीचे कापडी फलक ज्या ताणलेल्या जाळीतून छापले जात, तीच ही पद्धत. जाळी तयार करण्यास श्रम पडतात. पण ती एकदा झाली की एकसारख्या तीस-चाळीस पाट्या भराभर निघतात.

चौथी वाट प्रकाशाची. तांब्यावर प्रकाशसंवेदी पापुद्रा बसवून वर पारदर्शक नकारचित्र ठेवावे आणि अतिनील प्रकाश द्यावा. प्रकाश लागलेला भाग घट्ट होतो, उरलेला धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात निघून जातो. अतिशय बारीक रेषा याच पद्धतीने उत्तम येतात. परंतु पापुद्रा उजेडापासून व उष्णतेपासून जपावा लागतो आणि शेवटी तो काढण्यास कॉस्टिक सोडा लागतो. तो मुलांच्या हाती देऊ नये.

आम्ही काय निवडले

पद्धत श्रेष्ठ की कनिष्ठ, असा प्रश्न नसतो. किती पाट्या हव्यात, रेषा किती बारीक, जवळ साधने कोणती आणि हवा कशी, या चार प्रश्नांच्या उत्तरांतून निवड होते. एकच साधी पाटी असेल तर पेन. दोन-चार नेटक्या पाट्या असतील तर टोनर. एकसारख्या अनेक असतील तर स्क्रीन. बारीक पायांची चिप असेल तर प्रकाश.

आमच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीसाठी सूचक भोंगा करावयाचा होता. टाकी भरली की तो वाजावा आणि पाणी वाहून जाऊ नये. रत्नागिरीत पावसाळाभर पाणीच पाणी असते, तरी एप्रिल-मे महिन्यांत विहिरींचे तळ दिसू लागतात. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी तर पाण्याचा एक थेंबही वाया दवडू नये. त्यासाठी एक ट्रान्झिस्टर, दोन रोधक, भोंगा आणि नऊ व्होल्टची बॅटरी पुरते. आम्ही ठरविले की प्रत्येकाने पहिली पाटी पेनाने काढावी, म्हणजे वीज कोणत्या वाटेने जाते ते कळेल. दुसरी टोनरने करावी, म्हणजे छपाई कळेल.

आमची पहिली टोनर-पाटी फसली. आकृती कागदावर सुलट छापली गेली आणि तांब्यावर उलटी उमटली. ट्रान्झिस्टरचे पाय चुकीच्या जागी आले. मुलांना ती पाटी लपवावीशी वाटली. आम्ही ती प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगली. तेव्हापासून आकृतीच्या कोपऱ्यात 'क' हे अक्षर लिहिण्याचा नियम केला : कागदावर ते उलटे दिसले, तरच तांब्यावर सुलट येईल. जुन्या छापखान्यातील खिळेही असेच उलटे असत.

कोकणच्या हवेमुळे आणखी दोन गोष्टी पाळाव्या लागतात. दमट कागदावर टोनर नीट बसत नाही, म्हणून कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. खाऱ्या हवेत तांबे लवकर काळवंडते, म्हणून ते छपाईच्या अगदी आधी बारीक पॉलिश पेपरने घासावे आणि तयार पाटीवर संरक्षक लेप द्यावा.

सम्यक् कर्म

फेरिक क्लोराइड प्लॅस्टिकच्या तबकातच वापरावे. धातूचे भांडे ते खाऊन टाकते. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा आणि शिक्षकाची उपस्थिती यांवाचून काम करू नये. वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते व ते माशांना घातक असते. म्हणून ते मोरीत किंवा पऱ्ह्यात कदापि ओतू नये. बाटलीत साठवून, वर नाव लिहून, घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावे. आपले काम दुसऱ्याच्या दुःखास कारण होऊ नये, ही धम्माची शिकवण प्रयोगशाळेतही लागू आहे.

१९३६ साली बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध केले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. विचार करणारा एक आणि हात काळे करणारा दुसरा, ही ती विभागणी. म्हणून आमच्या वर्गात जो आकृती काढतो तोच तांबे घासतो, तोच डाग देतो, तोच भोंगा तपासतो आणि तोच तबक धुतो. मुलींच्या बाबतीत हा नियम आम्ही अधिक कटाक्षाने पाळतो. आयस्लर यांना नकार देणाऱ्यांस मुली म्हणजे केवळ स्वस्त हात वाटले होते. आमच्या मुलींनी उद्या कारखान्यात पाऊल टाकले, तर पाटीवरचा प्रत्येक मार्ग कोठून आला व का आला, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. तो मार्ग आखण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.