परगावी जाताना कुत्र्याच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय

लग्नकार्य, जत्रा किंवा दवाखान्याच्या कामासाठी परगावी जायचे ठरले की गुरांची वैरण आणि भाजीचे पाणी यांची व्यवस्था आधी लागते. वाडी राखणाऱ्या कुत्र्याचा विचार मात्र निघायच्या दिवशी होतो. मग त्याला अंगणात बांधून, पुढ्यात भाताची परात ठेवून घराला कुलूप लागते. असे कधीही करू नये. पाणी पहिल्याच रात्री सांडते, भात आंबतो, साखळी झाडाभोवती गुंडाळून फास बसू शकतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानेही अन्नपाणी व निवारा न देणे आणि आखूड साखळीने गैरवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा ठरविला आहे.

गोराईसारख्या गावात आणखी एक अडचण आहे. गाव मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असले तरी बोरिवलीकडे जायचे तर मध्ये खाडी आहे. रात्री फेरीबोट बंद झाली की उत्तन-भाईंदरमार्गे रस्त्याचा मोठा वळसा पडतो. म्हणून सोय निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की मध्यरात्री कुत्रा आजारी पडला तर त्याला कोण आणि कोणत्या वाहनाने नेणार? परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ पासूनचे आणि नावाजलेले आहे, पण गोराईहून ते लांब पडते. जवळच्या पशुवैद्यकांशी आधीच बोलून रात्री कोठे न्यावे हे विचारून ठेवावे. त्यांचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहावा.

वाडीवर वाढलेल्या कुत्र्याला शक्यतो त्याच्याच जागी ठेवावे. ओळखीच्या शेजाऱ्याने किंवा भावकीतील कोणी रात्री घरी झोपावयास यावे. नुसते दोन वेळा भाकरी टाकून जाणे पुरेसे नाही. त्या माणसाने आधी चार-पाच दिवस आपल्या हाताने खाऊ घालावे व एक रात्र आपण घरी असतानाच मुक्काम करावा. कुत्रा गुरगुरला तर दुसरा माणूस पाहावा. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाईडचे आमिष निघण्यापूर्वी गोळा करून कुलपात ठेवावे. या विषावर उतारा नाही आणि सांभाळणाऱ्याला ते कोठे ठेवले आहे हे ठाऊक नसते. दिवाळीत फटाक्यांनी बिथरून कुत्रे कुंपण ओलांडून पळते. त्या रात्री त्याला बंद खोलीतच ठेवावे.

घरी झोपणारे कोणी नसेल तर पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या ठिकाणी ठेवावे लागते. दर विचारण्याआधी जागा स्वतः पाहावी, तीही संध्याकाळी. रात्री तेथे माणूस झोपतो का, दोन कुत्र्यांमध्ये भिंत आहे का, माजावरची कुत्री वेगळी ठेवतात का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. लसीचा दाखला न मागताच कुत्रा ठेवून घेणारे ठिकाण टाळावे. तुमचा दाखला तो पाहत नाही, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या कुत्र्याचाही पाहिलेला नसतो. पार्व्होचा हगवणीचा रोग आणि सांसर्गिक खोकला अशाच ठिकाणी पसरतो. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या लघवीतून येतो, तेव्हा पावसाळ्यात मोरी व गटार जरूर पाहावे.

लसीचा परिणाम दिसण्यास साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग होत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयानंतर द्यावी व पुढे पशुवैद्यकाने सांगितलेल्या तारखांना ती देत राहावी. महानगरपालिकेच्या हद्दीत कुत्र्याचा परवानाही लागतो. परक्या जागी घाबरलेला गरीब कुत्राही चावतो. तसे झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे, हे सांभाळणाऱ्याला आधीच सांगावे.

बरोबर नेहमीचेच अन्न द्यावे. भात-मासळीवर वाढलेल्या कुत्र्याला एकदम विकतचे कोरडे खाद्य दिल्यास पोट बिघडते आणि मग ती हगवण अन्नाची की रोगाची हे कळत नाही. जुने गोणपाट किंवा अंथरूण न धुता द्यावे, ओळखीच्या वासाने कुत्रा लवकर स्थिरावतो.

घरी आणल्यावर त्याच दिवशी कान, बगला व बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासावेत. वाडीत लहान पिल्ले असतील तर आलेल्या कुत्र्याला दोन आठवडे त्यांच्यापासून वेगळे ठेवावे. या काळात खोकला, उलटी, रक्ताची हगवण किंवा लाल लघवी दिसल्यास घरगुती औषधे न करता पशुवैद्यकाकडे न्यावे.