शरीराच्या वजनाचा जमाखर्च

‘अमक्याचे वजन फार वाढले,’ असे आपण सहज म्हणतो. भौतिकशास्त्राच्या काटेकोर भाषेत येथे ‘वस्तुमान’ म्हणावयास हवे. वजन म्हणजे त्या वस्तुमानावरील पृथ्वीचे आकर्षणबल, आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. परंतु सोयीसाठी या लेखात आपण रूढ शब्दच वापरू.

आपल्याकडील माणसांची वजने खरोखरच वाढली आहेत काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून एक निर्देशांक काढतात. तो २५ किंवा अधिक आल्यास वजन जास्त समजतात. १५ ते ४९ वयोगटात २००५-०६ साली भारतात असे शेकडा सुमारे १३ स्त्रिया व ९ पुरुष होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे आकडे २४ व २३ झाले. अवघ्या पंधरा वर्षांत माणसाचा वंश बदलत नाही. बदलली ती राहणी.

ऊर्जेचा नियम

ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. शरीरही या नियमाला अपवाद नाही. अन्नातून आलेली ऊर्जा तीन वाटांनी खर्च होते. स्वस्थ पडून असतानाही हृदय, श्वसन, मेंदू व शरीराचे तापमान यांसाठी निम्म्याहून अधिक ऊर्जा लागते. अन्न पचविण्यास सुमारे एक दशांश लागते. उरलेली हालचालीत जाते. त्यातूनही शिल्लक राहिली, तर ती मुख्यतः चरबीच्या रूपाने साठते. या तीन वाटांपैकी गेल्या काही दशकांत आकसली ती तिसरी.

चाळीस बादल्यांचे गणित

पुलगाव वर्धा नदीकाठी असले, तरी नळ येण्यापूर्वी आसपासच्या खेड्यांत पाणी विहिरीतून शेंदावे लागे. समजा, विहीर १० मीटर खोल आहे आणि भरलेली बादली १० किलोग्रॅमची आहे. ती वर काढण्यास लागणारे कार्य असे:

१० × ९.८ × १० = ९८० ज्यूल.

४० बादल्यांचे कार्य झाले सुमारे ३९ किलोज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता शेकडा २० धरली, तर शरीराला याच्या पाचपट, म्हणजे सुमारे १९५ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागेल. ४.२ किलोज्यूल म्हणजे एक किलोकॅलरी. तेव्हा हा खर्च सुमारे ४६ किलोकॅलरी झाला.

आता दुसरी बाजू पाहा. एक ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात. चहाच्या एका चमच्यात साडेचार-पाच ग्रॅम तेल मावते, म्हणजे ४० ते ४५ किलोकॅलरी झाल्या. चाळीस बादल्यांची मेहनत एका चमचाभर तेलात जवळजवळ भरून निघते! खर्च करणे किती कठीण आणि जमा करणे किती सोपे, हे यावरून ध्यानात येईल.

मात्र पाणी शेंदणे हे दिवसातील एकच काम होते. भरलेली घागर डोक्यावर घेऊन सपाट रस्त्याने चालताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य शून्य, असे पुस्तकात असते. तरीही माणूस दमतो. कारण प्रत्येक पावलाला शरीर किंचित वर उचलले जाते आणि ओझे तोलून धरण्यासाठी स्नायू सतत आकुंचन पावत असतात. त्यात दळण, कांडण, धुणे आणि शेतावर जाणे-येणे मिळवा.

चालण्याचाच हिशेब करू. विश्रांतीपेक्षा अधिक लागणारी ऊर्जा दर किलोमीटरला, दर किलोग्रॅम वजनामागे, स्थूलमानाने अर्धी किलोकॅलरी असते. पुलगावच्या कापडगिरणीत अडीच किलोमीटरवरून पायी जाणारा ६० किलोग्रॅमचा कामगार घ्या. जाऊन-येऊन ५ किलोमीटर, म्हणजे १५० किलोकॅलरी. आज तेच अंतर मोटारसायकलने गेल्यास हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो.

गळकी टाकी

विहीर आणि चालणे मिळून रोज सुमारे २०० किलोकॅलरी वाचल्या असे धरू. एक किलोग्रॅम मेदात साधारण ७,७०० किलोकॅलरी साठतात. मग वर्षाला साडेनऊ आणि दहा वर्षांत ९५ किलोग्रॅम वजन वाढावयास हवे! असे तर कोणाचे होत नाही. मग चूक कोठे आहे?

तळाशी भोक असलेली टाकी डोळ्यांसमोर आणा. नळ थोडा मोठा केला की पातळी वाढते. पातळी वाढली की तळाशी दाब वाढतो आणि गळतीही वाढते. अखेर आवक-जावक समान होऊन पातळी नव्या जागी स्थिर होते. शरीराचेही तसेच आहे. जड शरीर चालविण्यास अधिक ऊर्जा लागते. २०११ साली केव्हिन हॉल व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रौढांसाठी असा अंदाज मांडला: रोजच्या हिशेबात १०० किलोज्यूलचा कायमचा फरक पडला, तर वजनात अखेर सुमारे एक किलोग्रॅम फरक पडतो, त्यातील निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सर्व तीन वर्षांत. २०० किलोकॅलरी म्हणजे ८४० किलोज्यूल. म्हणजे आहार तोच राहिल्यास वाढ सुमारे आठ किलोग्रॅम.

पण काम कमी झाले तर भूकही कमी होणार नाही काय? याचे उत्तर दुसऱ्या एका गिरणीत मिळते. १९५६ साली मेयर, रॉय व मित्र यांनी पश्चिम बंगालमधील एका तागगिरणीतील माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हलक्यापासून जड कामापर्यंत, काम वाढेल तसा आहार वाढत होता आणि वजन फारसे बदलत नव्हते. बैठे काम करणाऱ्यांचा आहार मात्र कमी नव्हता. उलट अधिक होता, आणि वजनही अधिक. म्हणजे हालचाल एका मर्यादेखाली गेली, की भुकेवरचा ताबा ढिला पडू शकतो.

काटा सर्व सांगत नाही

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची शेकडा ९.१, तर याज्ञिक यांची २१.२! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातही असेच दिसले. तेथील नवजात बाळे वजनाने कमी होती, तरी त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. अशा शरीराला पुढे बसून राहणे आणि तेल-साखर मिळाली, की फारसे लठ्ठ न होताही मधुमेह गाठू शकतो. म्हणून घरातील मुलीला आणि आईला पोटभर व सकस अन्न मिळणे हा पुढच्या पिढीच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

याचा अर्थ पुन्हा विहीर आणि जाते आणावे असा नाही. ते कष्ट बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येत, आणि नळाने ते हलके केले हे चांगलेच झाले. जी हालचाल पूर्वी सक्तीने घडे, ती आता आपण निवडून करावयाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी. शाळेपर्यंतची सायकल आणि संध्याकाळची कबड्डी तेवढ्यास पुरे. वाढत्या वयात उपाशी राहून वजन घटविण्याच्या नादी मात्र लागू नका. मुलांचा निर्देशांक वयानुसार निराळ्या तक्त्यावर पाहतात. तो डॉक्टरांकडून समजून घ्यावा. आणि जमाखर्चाची ही सर्व बाजू पाहिली, की वर्गातील जाड्या मुलाला चिडविणे किती अडाणीपणाचे आहे हेही पटेल.

करून पाहा

१. शाळेच्या जिन्याच्या एका पायरीची उंची मोजा, पायऱ्या मोजा आणि एकदा वर चढताना तुम्ही किती ज्यूल कार्य करता ते काढा. कार्यक्षमता शेकडा २० धरून चमचाभर तेलाइतकी ऊर्जा खर्च होण्यास किती वेळा चढावे लागेल?

२. आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीच्या दिवसभराच्या कामांची यादी विचारा. त्यांतील कोणते काम आज कोणते यंत्र करते, ते समोर लिहा.