खाऱ्या पाण्याची लहान टाकी : मासे आणि उजेड

रंगीत माशांचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांकडे ग्राहक खाऱ्या पाण्याची टाकीही मागतात. यात नफा आहे. पण घाई केली तर मासे मरतात आणि दुकानाचे नाव जाते.

पहिली टाकी १०० लिटरपेक्षा लहान नसावी. थोडे पाणी लवकर बिघडते. आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मत्स्यालयाचे समुद्री मीठ घालावे. जेवणाचे मीठ चालत नाही. हायड्रोमीटरवर १.०२३ ते १.०२५ आणि तापमान २५ ते २७ अंश ठेवावे. पाणी आटले की गोडेच पाणी भरावे, कारण मीठ उडून जात नाही.

नंतर फिल्टर चालू ठेवून थोडे थोडे खाद्य टाकावे व चार ते सहा आठवडे थांबावे. उपयोगी जीवाणू वाढून अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले की टाकीतच पैदा झालेल्या क्लाउनफिशची जोडी सोडावी. दोन आठवड्यांनी एखादा गोबी. एवढे पुरे.

नुसत्या माशांना साधा एलईडी दिवा रोज आठ तास पुरतो. जास्त उजेडाने शेवाळ माजते. ॲनिमोनला प्रखर उजेड व जुनी टाकी लागते. नवख्याला तो विकू नये. दगडी प्रवाळ व समुद्री घोडे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आले. त्यांचा व्यापार गुन्हा आहे.

मालाचा ऐब लपवणे आपल्या दीनमध्ये जायज नाही. टाकी कच्ची असेल तर ग्राहकाला तसे सांगा आणि मासे महिन्याने द्या.