वेगाचा नाद

मराठीत 'नाद' हा मोठा गमतीचा शब्द आहे. नाद म्हणजे आवाज. घंटेचा नाद, नदीच्या पाण्याचा नाद असे आपण म्हणतो. पण 'त्याला पतंगांचा नाद आहे' असे म्हटले की अर्थ बदलतो. उर्दूत आपण ज्याला शौक म्हणतो, त्याच्याही पुढची ही पायरी आहे. जवळजवळ जुनूनच म्हणा ना! (इथे एक सूचना. मराठीत शौक लिहिताना 'शोक' लिहू नका. शोक म्हणजे दुःख. 'मला क्रिकेटचा शोक आहे' हे वाक्य दरवर्षी उत्तरपत्रिकेत वाचून मलाच शोक होतो.)

आज ज्या माणसाची ओळख तुम्हांला करून द्यायची आहे, त्याला 'नाद' या शब्दाचे दोन्ही अर्थ लागू पडतात. त्याला मोटारसायकलच्या नादाचा नाद होता.

नकाशा उघडा. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय दिशेला न्यूझीलंड हा देश दिसेल. त्याच्या अगदी दक्षिण टोकाजवळ इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. २५ मार्च १८९९ रोजी तेथे बर्ट मन्रो यांचा जन्म झाला. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जगली नाही. बर्ट मात्र जगला आणि शेतावर वाढला. वडिलांचे बोलणे खाऊनही तो घरातला सर्वांत वेगवान घोडा शेतातून दौडवत असे. पुढे घोड्याची जागा मोटारसायकलने घेतली.

१९२० साली, म्हणजे एकविसाव्या वर्षी, मन्रो यांनी 'इंडियन स्काउट' ही मोटारसायकल विकत घेतली. नाव वाचून ती आपल्या देशात तयार झाली असे समजू नका. 'इंडियन' ही अमेरिकेतील कंपनी होती. या गाडीचे इंजिन ६०० सीसीचे होते आणि ती ताशी सुमारे ८८ किलोमीटर वेगाने धावू शकत असे. त्या काळात हा वेग काही कमी नव्हता. पण मन्रो यांचे समाधान झाले नाही. १९२६ सालापासून त्यांनी गाडी उघडून तिच्यात स्वतः बदल करायला सुरुवात केली. ते काम पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ चालले.

तुमच्या मोहल्ल्यात एखादे गॅरेज नक्कीच असेल. तेथील उस्ताद नुसता आवाज ऐकून इंजिनाचा दोष सांगतो, हे तुम्ही पाहिले असेल. मन्रो अशाच जातीचे होते. दिवसा ते मोटारसायकली विकण्याची नोकरी करत आणि रात्री आपल्या गाडीजवळ बसत. कित्येकदा रात्रभर काम करून सकाळी तसेच नोकरीवर जात. नवीन भाग मागवण्याऐवजी ते भाग स्वतःच तयार करत. जुन्या डब्यांचा साचा करून त्यांत वितळलेला धातू ओतत आणि पिस्टन घडवत. सिलिंडर आणि फ्लायव्हीलही त्यांनी घरीच बनवले. पिस्टनला फिरत्या चाकाशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तर त्यांनी पोलाद कोरून हाताने घडवला. मोजमापासाठी मायक्रोमीटर नावाचे नाजूक साधन लागते. मन्रो यांचा मायक्रोमीटर म्हणजे चाकाचा एक जुना स्पोक होता!

अर्थात हे भाग वारंवार मोडत. त्याचे कारण तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकू शकाल. गाडीचा वेग दुप्पट झाला की समोरून येणाऱ्या हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. तो विरोध मोडण्यासाठी इंजिनाला फार अधिक ताकद लावावी लागते. पिस्टन एका मिनिटात हजारो वेळा वर-खाली होतो. धातूत एखादी बारीकशी फट राहिली असेल तर एका क्षणात सारे इंजिन फुटून जाते. मन्रो यांनी हे मोडके तुकडे कधी फेकून दिले नाहीत. भिंतीवरच्या फळ्यांवर त्यांनी ते ओळीने मांडले आणि वर लिहिले, 'वेगाच्या देवतेला अर्पण'. लिहिले गमतीने खरे. पण तो तुकडा का मोडला हे शोधूनच ते पुढचा घडवत.

या नादाची किंमत घरानेही मोजली. मन्रो यांना पत्नी आणि चार मुले होती. १९४७ साली पती-पत्नींची फारकत झाली. पुढे नोकरीही सोडून ते गॅरेजमध्येच राहू लागले. तेथेच झोपायचे, तेथेच काम करायचे. एक शिक्षक म्हणून आणि एक बाप म्हणून मला हे पान वाचताना बरे वाटत नाही. तरी ते वगळून त्यांची गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मन्रो यांना हृदयविकार असल्याचे निदान झाले. या वयात बहुतेक माणसे आरामखुर्ची शोधतात. मन्रो यांनी अमेरिकेतील बॉनव्हिल गाठले. यूटा राज्यात मिठाचे एक विस्तीर्ण पांढरे मैदान आहे. मैलोनमैल सपाट! ना झाड, ना दगड, ना वळण. मिठावर आखलेल्या काळ्या रेषेच्या आधाराने गाड्या धावतात आणि त्यांचा वेग मोजला जातो. विक्रमासाठी एकदा धावून भागत नाही. गाडी जाताना आणि येताना, दोन्ही दिशांनी पळवावी लागते आणि दोन्ही वेगांची सरासरी धरतात. त्यामुळे वाऱ्याचा फायदा कोणालाच मिळत नाही. (आपला रस्ता म्हणजे मिठाचे मैदान नव्हे, हे मागच्या बाकावरच्यांनी विशेष लक्षात ठेवावे.)

१९६२ साली, ६३ वर्षांचे मन्रो जुनी स्काउट घेऊन तेथे उतरले. गाडीवर त्यांनी माशासारखे लांबट कवच चढवले होते. त्या वर्षी तिने ताशी सुमारे २८८ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. १९६६ साली आणखी एक विक्रम झाला. १९६७ साली मन्रो ६८ वर्षांचे होते आणि इंजिन वाढत वाढत ९५० सीसीचे झाले होते. एका फेरीत गाडी अर्ध्या अंतरानंतर डगमगू लागली. वेग कमी करण्यासाठी मन्रो यांनी अंग वर उचलले. त्याबरोबर वाऱ्याने डोळ्यांवरचा चष्मा उडवला. डोळ्यांना काहीच दिसेना. रेषा सोडून भलतीकडे गेलेली गाडी एका लोखंडी खुंटाच्या अगदी जवळून निघून गेली. शेवटी त्यांनी गाडी आडवी पाडली. थोडे खरचटले, इतकेच. त्याच वर्षी १००० सीसीच्या आतील गाड्यांच्या गटात त्यांच्या नावावर विक्रम नोंदला गेला : ताशी २९५.४५ किलोमीटर.

१९७७ साली मन्रो यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा पहिला ताळमेळ राहिला नाही. आपल्या गाड्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून त्यांनी त्या इन्व्हरकार्गिलच्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी ते वारले. २००५ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

२०१४ साली त्यांच्या मुलाने १९६७ सालचे जुने आकडे पुन्हा तपासले. सरासरी काढताना अमेरिकेतील संस्थेची चूक झाली होती! तिने ती मान्य केली आणि वडिलांच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी विक्रम दुरुस्त झाला : ताशी २९६.२६ किलोमीटर. फरक एका किलोमीटरपेक्षाही कमी होता. पण ज्याच्या लहानपणी बाप रात्र-रात्र गाडीजवळ बसून राहिला, त्या मुलाने तो शोधून काढला.

स्वाध्याय

(१) 'नाद' हा शब्द दोन वेगवेगळ्या अर्थांनी वाक्यात वापरा.
(२) विक्रमासाठी गाडी दोन्ही दिशांनी का पळवतात?
(३) तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. मोडलेल्या भागांचे तो काय करतो, ते विचारा आणि पाच वाक्यांत लिहा.